अंगणातील आफ्रिकन पाहुणी : कापूर तुळस

दिवेलागणीची वेळ झाली म्हणजे मोरजीसारख्या समुद्रकाठच्या गावात दोन गंध एकमेकांत मिसळतात. अंगणातील वृंदावनापुढे पणती लावताना हाताचा स्पर्श तुळशीच्या डहाळीला होतो आणि तिचा किंचित तिखट, लवंगेची आठवण करून देणारा वास दरवळतो. तेवढ्यात देवघरातून आरतीच्या कापराचा थंड, नाकात भिनणारा सुगंध ओसरीवर येतो. तुळस मातीत रुजलेली, तर कापूर डबीत ठेवलेला, ज्योतीवर धरताच कसलीही खूण मागे न ठेवता उडून जाणारा. हे दोन्ही गंध एकाच रोपाच्या पानात सापडतील, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याला ती कविकल्पना वाटावी. परंतु असे रोप आहे. गेल्या काही वर्षांत कोकणातील आणि गोव्यातील अनेक परसांत ते येऊन राहिले आहे. लोक त्याला कापूर तुळस म्हणतात.

नावात तुळस असली तरी ही आपल्या वृंदावनातील तुळस नव्हे. ती तिची चुलत बहीण आहे आणि तिचे माहेर फार दूर, पूर्व आफ्रिकेत आहे. वनस्पतिशास्त्रात तिला ऑसिमम किलिमांजारिकम असे नाव आहे. ज्या किलिमांजारो पर्वताचे हिमाच्छादित शिखर ५,८९५ मीटर उंचीवर आफ्रिकेच्या माळरानावर तळपते, त्याचेच हे नाव. केनिया, टांझानिया, युगांडा, इथिओपिया या देशांच्या उंच पठारांवर हे झुडूप आपोआप उगवते. तेथून ते जगातील अनेक उष्ण देशांच्या बागांत गेले.

प्रथम तिची ओळख नीट करून घ्यावी. वृंदावनातील तुळस कमरेइतकी उंच झाली तरी पुष्कळ. कापूर तुळस मात्र जागा व ऊन मिळाले तर माणसाच्या खांद्यापर्यंत वाढते आणि तिचा पसारा झुडपासारखा होतो. तिचा दांडा चौकोनी असतो. हे सर्व तुळस-कुळाचे लक्षण आहे. पाने समोरासमोर येतात, पण त्यांचा रंग राखी झाक असलेला हिरवा असून त्यांवर बारीक मऊ लव असते. त्यामुळे लांबून पाहिले तर झाडावर हलके धुके बसल्यासारखे दिसते. मंजिऱ्या लांब व दाट येतात. फुले लहान, पांढरी किंवा फिकट जांभळी असून त्यांतून बाहेर डोकावणारे परागकोश नारिंगी-तांबूस रंगाचे असतात. मंजिऱ्या फुलल्या म्हणजे सकाळपासून मधमाश्यांची गर्दी उसळते. आणि या सर्व खुणांची खात्री पटविणारी शेवटची खूण गंधाची. एक पान बोटांत चुरडावे आणि हुंगावे. लवंगेचा नव्हे, कापराचा स्पष्ट वास आला पाहिजे. ही परीक्षा करणे आवश्यक आहे, कारण बाजारात ‘कापूर तुळस’ हे नाव तुळशीच्या दुसऱ्याही काही प्रकारांना लावले जाते. नाव विक्रेत्याच्या तोंडचे असते, पण गंध पानाचा स्वतःचा असतो.

हा गंध निराळा का, याचे कारण पानातील सूक्ष्म तैलग्रंथींत आहे. आपल्या तुळशीच्या तेलात बहुधा युजेनॉल या द्रव्याचे प्राबल्य असते. लवंगेच्या तेलातही तेच मुख्य द्रव्य असल्यामुळे दोघींच्या वासात सारखेपणा जाणवतो. सब्जाच्या गोड वासामागे आणखी वेगळी द्रव्ये असतात. कापूर तुळशीच्या तेलात मात्र खुद्द कापूरच मोठ्या प्रमाणात असतो. काही रोपांच्या तेलात तो निम्म्याहून अधिक भरतो. हे प्रमाण जात, जमीन आणि ऋतू यांप्रमाणे बदलते. एकाच कुळातील भावंडांनी एकाच मातीतून आणि एकाच उन्हातून इतके निरनिराळे गंध तयार करावेत, हे निसर्गाच्या प्रयोगशाळेचे एक नवलच म्हटले पाहिजे.

मोरजीच्या वाळूवर उभे राहून नैर्ऋत्येकडे दृष्टी टाकली तर मध्ये अरबी समुद्र आणि पलीकडे आफ्रिकेचा किनारा आहे. या दोन किनाऱ्यांमधील येणे-जाणे फार जुने. हिवाळी वाऱ्यावर शिडे सोडून जहाजे आफ्रिकेकडे जात आणि नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की परत फिरत. पोर्तुगीज अमलात तर हा संबंध राजकारणाचाही झाला. १५९३ मध्ये मोंबासा येथे ज्या जेझुस किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले, त्याच्या मदतीसाठी गोव्यातून आरमार जाई. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच पाहिला जाई. पुढे इंग्रजांच्या काळात हजारो गोमंतकीय नैरोबी, कंपाला, दार-ए-सलाम आणि झांझिबार येथे कारकून, शिक्षक, डॉक्टर, शिंपी, आचारी म्हणून गेले. युगांडातून १९७२ मध्ये आशियाई लोकांना घालवून देण्यात आले तेव्हा त्यांतील कित्येकांना पुन्हा नवा देश शोधावा लागला.

इतका हा दाट संबंध पाहून कोणालाही वाटेल की कापूर तुळसही अशाच एखाद्या गलबतातून आली असावी. पण तसे घडलेले नाही. ही पाहुणी शास्त्रज्ञांच्या ओळखपत्रावर आली. तिला तिचे शास्त्रीय नाव १८९५ मध्ये, बर्लिनच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पूर्व आफ्रिकेच्या वनस्पतींवर जो मोठा ग्रंथ काढला त्यात मिळाले. किलिमांजारोचा प्रदेश त्या काळी जर्मनांच्या ताब्यात होता. भारतात तिची लागवड विसाव्या शतकात झाली, तीही देवासाठी किंवा शोभेसाठी नव्हे, तर कापरासाठी.

येथे कापराची कथा थोडक्यात सांगणे भाग आहे. कापूर हा भारताच्या पूजेत अनादि काळापासून असल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो नेहमी बाहेरून येत असे. गोव्यात १५३४ साली आलेला गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य या व्यापाराचा मोठा जाणकार होता. १५६३ मध्ये गोव्यातच छापल्या गेलेल्या त्याच्या औषधिविषयक संवादग्रंथात कापरावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. बोर्निओचा कापूर वेगळा आणि चीनचा वेगळा, पहिला दुसऱ्याहून कितीतरी पटींनी महाग, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. आपण ज्याला भीमसेनी म्हणतो तो बोर्निओ-सुमात्राकडील उंच वृक्षांच्या खोडात सापडणारा. चिनी कापूर हा दालचिनीच्या कुळातील एका वृक्षाचे लाकूड किसून, वाफेवर उकडून काढलेला. या दुसऱ्या कापरासाठी झाड तोडावे लागे आणि पुन्हा वाढावयास कित्येक वर्षे थांबावे लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापूर देवघरातून कारखान्यात गेला. सेल्युलॉइड नावाचा जो पहिला कृत्रिम पदार्थ निघाला, त्याच्या घडणीत कापूर लागे. कंगवे, बाहुल्या, चेंडू यांपासून छायाचित्रांच्या फितीपर्यंत त्याचा उपयोग होऊ लागला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आला, त्या काळी चित्रपट ज्या फितीवर छापले जात तिच्यातही कापराचा अंश असे. आरतीच्या ताटातील वडी आणि हलत्या चित्रांची फीत एकाच झाडाच्या ऋणात होती! अशा वेळी, १८९५ मध्ये, कापरवृक्षांचे सर्वांत मोठे जंगल असलेले तैवान बेट जपानच्या ताब्यात गेले आणि १८९९ मध्ये तेथील कापराचा व्यापार जपान सरकारने आपल्या मक्त्याखाली आणला. जगाला लागणारा कापूर एका हाती आला.

मग इतर देशांनी पर्याय शोधावयास सुरुवात केली. एक पर्याय रसायनशाळेत सापडला. पाइन वृक्षाच्या टर्पेंटाइनपासून कापूर तयार करता येऊ लागला. दुसरा पर्याय शेतात होता आणि तो म्हणजे ही कापूर तुळस. वृक्ष तोडावयास नको, वर्षानुवर्षे वाट पाहावयास नको. झुडूप छाटावे, पाने वाफेवर गाळावी, कापूर मिळवावा आणि झुडपाने पुन्हा फुटावे, ही कल्पना मोठी आकर्षक होती. केनियात तसे प्रयोग झाले. भारतातही झाले. परंतु टर्पेंटाइनचा कापूर स्वस्त पडला आणि शेतातील कापूर मागे राहिला. आज पूजेसाठी दुकानात मिळणारा बहुतेक कापूर त्या टर्पेंटाइनचाच असतो. ज्या कामासाठी पाहुणीला आणले ते काम गेले, पण पाहुणी गेली नाही. प्रयोगाच्या वाफ्यातून ती रोपवाटिकेत आणि रोपवाटिकेतून अंगणात आली.

तिच्या माहेरी तिला मिळणारा मान पाहिला म्हणजे तिची योग्यता अधिक कळते. पूर्व आफ्रिकेतील शेतकरी मका आणि ज्वारी साठविताना तिची वाळलेली पाने धान्यात घालतात, जेणेकरून किडे लागू नयेत. डासांना दूर ठेवण्यासाठी तिच्या डहाळ्या घरात ठेवण्याची व धुरी देण्याची पद्धत तेथे आहे. सर्दी-पडशात तिचा वास घेतात. केनियाच्या पश्चिमेस काकामेगा नावाचे जुने वर्षावन आहे. सरपणासाठी आणि औषधी मुळ्यांसाठी त्या वनावर भोवतालच्या गावांचा मोठा भार पडत होता. तेथील मुलिरू नावाच्या शेतकरी मंडळाने कापूर तुळस जंगलातून न आणता आपल्या शेतात लावली, तिच्या तेलापासून सर्दीवर व अंगदुखीवर लावावयाचे मलम तयार केले आणि उत्पन्नाचे साधन उभे केले. या कामाबद्दल त्या मंडळाला २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या पुढाकाराने दिले जाणारे विषुववृत्त पारितोषिक मिळाले. एका झुडपाने वनाचा भार हलका केला, ही गोष्ट सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या गावांनीही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता प्रश्न असा की, अशा गुणी पाहुणीला घरात कोणती जागा द्यावयाची? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कारण गोव्यात तुळस हे केवळ झाड नाही. १७३६ मध्ये गोव्याच्या धर्मन्यायासनाने जो प्रसिद्ध फतवा काढला, त्यात नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी घराच्या आवारात तुळस ठेवू नये, असल्यास उपटून टाकावी, अशी आज्ञा होती. ज्या न्यायासनाने गार्सिया द ओर्ताच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, त्याच्या अस्थी उकरून जाळल्या, तेच हे न्यायासन. एका रोपाच्या मुळाशी केवढा विश्वास असू शकतो, हे त्या आज्ञेवरूनच ध्यानात येते. पेडणे महाल पोर्तुगीजांकडे आला तो १७८८ मध्ये, म्हणजे नव्या काबिजादीबरोबर. तोपावेतो त्या अमलाचा धर्मविषयक कडवेपणा ओसरू लागला होता आणि नव्या प्रदेशातील देवळे व चालीरीती राखण्याचे धोरण स्वीकारले गेले होते. त्यामुळे या बाजूच्या अंगणांतील वृंदावने पिढ्यान्‌पिढ्या जागच्या जागी राहिली. कार्तिक द्वादशीला तुळशीचे लग्न लागते, ते गोव्यात ‘व्हडली दिवाळी’ म्हणून साजरे होते. वृंदावन रंगविले जाते, त्यात ऊस आणि दिंड्याची काठी उभी केली जाते, चिंचा-आवळे बांधले जातात आणि अंतरपाट धरला जातो.

म्हणून काही जणांना कापूर तुळस वृंदावनात लावावीशी वाटते, तर काही जणांना ती परकी म्हणून अंगणातच नको असते. दोन्ही टोके सोडून द्यावीत हे बरे. परकेपणाचाच हिशेब करावयाचा झाला तर गोमंतकाच्या परसात काय उरेल? काजू ब्राझीलहून आला. मिरची, पपई, अननस हीही अमेरिकेचीच लेकरे. देवाला वाहिला जाणारा पांढरा चाफासुद्धा त्याच खंडातून आलेला आहे. ही सर्व झाडे आज इतकी आपली झाली आहेत की त्यांचे मूळ सांगितले तर ऐकणारा चकित होतो. झाड कोठून आले यावरून ते आपले की परके हे ठरत नाही. आपण त्याला किती ओळखतो आणि कसे सांभाळतो, यावरून ते ठरते.

परंतु ओळखणे म्हणजे एकीला दुसरीच्या नावाने हाक मारणे नव्हे. येथे जी गफलत होते, ती प्रसंगी जिवावर बेतू शकते. तुळशीची पाने चघळण्याची, त्यांचा रस मधातून लहान मुलांना देण्याची, पावसाळ्यात काढा करण्याची आपल्या घरांत जुनी चाल आहे. ‘हीही तुळसच’ म्हणून कापूर तुळशीची मूठभर पाने त्याच काढ्यात पडतात. कापूर हा पोटात घ्यावयाचा पदार्थ नाही. तो मज्जासंस्थेवर आघात करतो. लहान मुलांच्या पोटात गेला तर ओकारी, झटके आणि बेशुद्धी येऊ शकते. शुद्ध कापूर एखादा ग्रॅम पोटात गेला तरी तान्ह्या मुलाच्या प्राणाला धोका असतो. पानात कापराचा अंश अर्थातच थोडा असतो आणि एखादे पान तोंडात गेले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तथापि रोज काढा करून पाजणे किंवा घरी तेल गाळून देणे हे सर्वथा वर्ज्य मानावे. गर्भवती स्त्रियांनी आणि फेफऱ्याचा विकार असलेल्यांनी तर विशेष जपावे. काढ्यासाठी वृंदावनातील तुळस आहेच. पाहुणीने हुंगण्यासाठी, डोळ्यांना सुख देण्यासाठी आणि मधमाश्यांना बोलावण्यासाठी असावे.

डासांविषयीही अशीच मर्यादा सांगितली पाहिजे. खिडकीत कुंडी ठेवली की डास पळतात, असे विक्रेते सांगतात. पाने अंगावर न हलता नुसती उभी असतात तेव्हा त्यांतून फारसे तेल बाहेर येत नाही. चुरडल्याने किंवा धुरी दिल्याने जो परिणाम होतो, तो कुंडीच्या नुसत्या अस्तित्वाने होत नाही. मच्छरदाणी आणि साचलेल्या पाण्याचा निचरा यांची जागा कोणतेही रोप घेऊ शकत नाही.

तिची लागवड कठीण नाही. फक्त ती उंच, मोकळ्या पठारावरची आहे, हे विसरू नये. तिला ऊन भरपूर हवे आणि पाण्याचा निचरा चांगला हवा. गोव्याचा पाऊस जूनपासून चार महिने कोसळतो. त्यात सखल जागी लावलेले रोप मुळाशी कुजते. म्हणून चिऱ्यांचा उंच वाफा करावा किंवा मोठी कुंडी घेऊन ती पावसाळ्यात पागोळीपासून दूर सरकवावी. किनाऱ्याची माती रेताड असल्यामुळे निचऱ्याची चिंता कमी, परंतु तीत शेणखत किंवा कुजलेला पाला मिसळावा लागतो. खाऱ्या वाऱ्याचा थेट मारा होत असेल तर घराच्या आडोशाची जागा निवडावी. पाऊस सरल्यावर, आश्विन-कार्तिकाच्या सुमारास, वीतभर लांबीचे कोवळे पण निबर होऊ लागलेले फाटे कापून, खालची पाने काढून, ओलसर वाळूत सावलीत खोचावे. दोन-तीन आठवड्यांत मुळ्या फुटतात. रोप वाढू लागले की शेंडे खुडावे, म्हणजे ते पसरते. बहर ओसरलेल्या मंजिऱ्या कापून टाकाव्यात, म्हणजे नवे धुमारे येतात. दोन-तीन वर्षांनी खोड लाकडासारखे निबर होऊन झाड विरळ दिसू लागते. तेव्हा फाट्यांपासून नवे रोप करून ठेवावे.

या वनस्पतीच्या भावी पिढीचीही एक गमतीची गोष्ट आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका रोपवाटिकेत १९८३ मध्ये कापूर तुळस आणि जांभळ्या पानांचा सब्जा शेजारी शेजारी वाढत होते. त्यांचा आपोआप संकर होऊन जांभळट झाक असलेले एक नवे झुडूप जन्माला आले. त्याला आफ्रिकन निळी तुळस म्हणतात. त्याला बी धरत नाही, म्हणून ते वर्षभर फुलतच राहते आणि मधमाश्यांचे अन्नछत्र चालविते. आज ते जगभरच्या बागांत फाट्यांवरूनच पसरले आहे. त्या फुलांकडे पाहणाऱ्या कितीजणांना त्यात किलिमांजारोचा अंश आहे हे ठाऊक असेल?

मोरजीचे अंगण आज पूर्वीसारखे राहिलेले नाही. गाव पर्यटकांचे झाले. त्याच पेडणे तालुक्यात मोप येथील विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले आणि जमिनीचे मोल वाढले. शेणाने सारवलेल्या जागी फरशी येते, कुंपणाच्या जागी भिंत येते आणि वृंदावन कोपऱ्यात सरकते. अशा वेळी कोणते झाड लावावे हा प्रश्न मागाहूनचा. आधी झाडाला माती मिळणार की नाही, हा खरा प्रश्न आहे. तुळशीपत्र ठेवून वस्तूवरचा हक्क सोडण्याची आपली रीत आहे. पण खुद्द अंगणावर तुळशीपत्र ठेवण्याची वेळ येऊ नये.

माती उरली तर जागा दोघींनाही आहे. वृंदावनात तुळस, कारण ते तिचे घर आहे. आणि चार पावलांवर, उन्हात, चिऱ्यांच्या उंच वाफ्यात ही राखी पानांची पाहुणी. सायंकाळी वारा सुटला की एकीचा लवंगेचा आणि दुसरीचा कापराचा गंध ओसरीपर्यंत येईल. दोन्ही गंध वेगळे ओळखू येणे, हाच त्या पाहुणीचा खरा पाहुणचार होय.